पुलाची ओळ

थंडी ओसरली आणि डोंगरावरचं बर्फ वितळायला लागलं की त्या शेतीच्या मुलखात दोन गोष्टी घरोघर येत. एक, उंबऱ्यापर्यंत चिखल, आणि दुसरं, कचेरीचं पत्रक. चिखलावर कुणाचा ताबा नव्हता. पत्रक मात्र एकाच बाईच्या हातचं असे, म्हणून सगळे तिला पत्रकबाईच म्हणत. तिचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि नवऱ्याच्या तोंडी होतं, तेही तो रागावला की.

पत्रक म्हणजे पिवळट कागदाची दोन पानं. कुठल्या रस्त्याची माती भुसभुशीत झालीय आणि तिथून जड गाडी नेऊ नये, शेतातला काडीकचरा कुठल्या दिवशी जाळायचा, विहिरीचं पाणी तपासायला कधी आणून द्यायचं, कुठल्या विहिरीचं पाणी पिण्यायोग्य निघालं, ओढ्याकाठच्यांनी जनावरं कधी वर बांधायची. सव्वीस वर्षं बाई हे लिहीत आल्या होत्या. लोक ते स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवत, गाडीच्या काचेपाशी खोचत. वाद झाला की कुणीतरी म्हणे, ‘पत्रकात काय लिहिलंय ते काढ,’ आणि वाद मिटे. बाईंनी लिहिलं म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

त्या वर्षी पत्रक एका मंगळवारी सकाळी वाटलं गेलं. साडेदहाच्या सुमारास कचेरीतला फोन वाजला. पलीकडे गुरुजी होते. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना पंधरा वर्षं झाली होती, पण लाल शाईची सवय सुटली नव्हती. दरवर्षी पत्रक हातात पडलं की तासाभरात त्यांचा फोन ठरलेला.

“बाई, पहिल्याच पानावर ‘पाणि’ ऱ्हस्व लिहिलंय. पाण्याला एवढा पूर आला असताना त्याला ऱ्हस्व का करता?”

“चुकलं, गुरुजी.” बाईंनी फोन खांद्यात धरला आणि समोरच्या अर्जावर शिक्का मारला.

“दुसऱ्या पानावर ‘सुचना’. ‘सू’ दीर्घ हवा.”

“बरं.”

“आणि ओढ्यावरच्या पुलाचं काय ते एकदा नक्की करा. माझं घर पुलाला लागून आहे म्हणून विचारतो. परवा तुमचा रस्त्याचा मुकादम आमच्या अंगणात पाणी प्यायला. म्हणाला, मधल्या खांबाच्या बुडाचे दगड वाहून गेलेत, आता आठ टनांवर काही सोडायचं नाही. तुम्ही तर वीस लिहिलंय.”

शिक्का बाईंच्या हातातच राहिला.

टेबलावरच्या गठ्ठ्यातलं वरचं पत्रक त्यांनी ओढलं. दुसरं पान, चौथी ओळ. ‘ओढ्यावरील पूल : कमाल भार वीस टन.’

वीस हा गेल्या वर्षीचा आकडा. दरवर्षी जुनंच पत्रक समोर घेऊन त्या एकेक ओळ बदलत. तारखा बदलल्या होत्या, रस्ते बदलले होते. चौथ्या ओळीशी आल्या तेव्हा घरून नवऱ्याचा फोन आला होता. साखरेचा डबा कुठे आहे? तीस वर्षांच्या संसारात तो डबा एकाच फळीवर होता. ते सांगून, वर दोन शब्द सुनावून बाई पुन्हा कागदाकडे वळल्या, त्या थेट पाचव्या ओळीवर. आठ टन लिहिलेली मुकादमाची चिठ्ठी तेव्हाही त्यांच्या कोपराखालीच होती. हे त्यांना त्या क्षणी लख्ख आठवलं. नवऱ्याला मात्र त्यांनी ते जन्मात सांगितलं नाही.

“बाई? आहात ना?”

“गुरुजी, आठच खरं. वीस चुकीचं आहे.” बाई म्हणाल्या. “पुलावर अजून पाटी नाही ना लावलेली?”

“नाही. मुकादम म्हणाला, एक-दोन दिवसांत लावतो.”

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. दहा चाळीस. पेरणीचे दिवस. बियाण्याचे आणि खताचे ट्रक दिवसभर त्या वाटेने येणार, आणि सव्वाअकराला दुधाचा टँकर. भरलेला टँकर सोळा टनांचा, आणि चालवणारा त्यांचाच धाकटा दीर.

“गुरुजी, माझं एक काम करा. पुलाच्या तोंडाशी जाऊन उभे राहा. जड गाडी सोडू नका.”

“मी उभा राहू? अहो, माझे गुडघे…”

“मग खुर्ची घेऊन बसा. पण रस्त्याच्या मधोमध बसा.”

“बसतो,” गुरुजी म्हणाले आणि फोन ठेवला.

बाईंनी दूधसंघात फोन लावला. टँकर निघून वीस मिनिटं झाली होती. दिराचा फोन वाजत राहिला. गाडी चालवताना तो उचलत नसे, आणि त्याबद्दल बाईच त्याचं कौतुक करत. साहेब वरच्या कचेरीत बैठकीला गेले होते, त्यांचा फोन बंद. मुकादम लागला, पण तो मुलखाच्या दुसऱ्या टोकाला खड्डे भरत होता. “पाटी माझ्या गाडीतच आहे, बाई. निघतोच. पण तासभर तरी लागेल.”

दाराला कडी घालायचंही भान बाईंना राहिलं नाही. स्कूटर काढली. पूल सात किलोमीटर लांब. एरवी चिखलात त्या इतक्या हळू चालवत की सायकलवाले पुढे जात. त्या दिवशी चिखल डोक्यापर्यंत उडाला. शेताच्या बांधावर कुणी हात केला तर तो त्यांना दिसला नाही. डोळ्यांपुढे एकच ओळ होती, आणि ती आता नऊशे घरांत खिळ्याला लटकत होती.

वळणावरूनच त्यांना टँकर दिसला. उभा होता. जीव थोडा खाली पडला. टँकरसमोर दहा पावलांवर, पुलाच्या तोंडाशी, लाकडी खुर्चीत गुरुजी ताठ बसलेले, काठी दोन्ही गुडघ्यांवर आडवी. दीर खिडकीतून बाहेर वाकून ओरडत होता.

“गुरुजी, वयाचा मान ठेवतोय म्हणून, नाहीतर खुर्चीसकट उचलून बाजूला ठेवलं असतं!”

“तुला मी चौथीत दोनदा बसवलाय,” गुरुजी म्हणाले. “आता रस्त्यातही बसवीन.”

“भाऊजी!” बाईंनी स्कूटर टाकलीच. “गाडी मागे घ्या. पूल बंद आहे.”

दिराने त्यांच्याकडे पाहिलं. चिखलाने माखलेली वहिनी त्याने कधी पाहिली नव्हती. मग काचेपाशी खोचलेला पिवळा कागद काढून त्याने बाहेर फडकवला.

“हे काय मग? वीस टन लिहिलंय. मी सोळा. सकाळी वाचूनच निघालो. फिरून जायचं तर चाळीस किलोमीटर, वहिनी. दूध फाटेल. पलीकडे लोक दुधासाठी कॅन घेऊन उभे असतील.”

“ते चुकीचं आहे.”

“पत्रक चुकीचं?” तो हसला. गंमत वाटून हसला, आणि ते बाईंना फार लागलं. “आता तुमचा कागद खरा मानू की तुमचं तोंड?”

“तोंड. कागद खोटा आहे. मीच लिहिलाय, मीच चुकले. आठ टन हवं होतं.”

त्याचं हसू मावळलं. इंजिन बंद झालं. तेव्हा कुठे ओढ्याचा आवाज कानावर आला. पाणी गढूळ होऊन खांबांवर आदळत होतं, आणि त्या आवाजात मिसळलेला दुसराही एक आवाज होता, गाडीचा. पण तो अलीकडून येत नव्हता.

बाईंनी वळून पाहिलं. पलीकडच्या काठावर उतारावरून निळा ट्रक येत होता. ताडपत्री टम्म फुगलेली, म्हणजे खताच्या पोत्यांनी गच्च भरलेला. दोन्ही तोंडं राखायला हवीत हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“अहो, थांबा!” दीर ओरडला. एवढ्या पाण्याच्या आवाजात कोण ऐकणार?

बाई धावल्या. चौपन्न वर्षांची बाई, पायात कचेरीतल्या चपला. पूल अरुंद, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा, लांबी साठेक पावलं. मागून दीर ओरडत होता, “वहिनी, तुम्ही नका, मी जातो!” पण तोवर त्या पुलावर होत्या. एक चप्पल निसटली. मध्यावर आल्या तेव्हा पायाखाली बारीक थरथर जाणवली. ती पुलाची की स्वतःच्या पायांची, हे त्यांना कळेना.

ट्रकची पुढची चाकं पुलावर चढली होती. चालकाने कर्कश हॉर्न दिला. बाई थांबल्या, दोन्ही हात पसरले. त्याने पुन्हा हॉर्न दिला. ट्रक येतच राहिला, आणि आता मागची चाकंही कठड्याशी आली. काचेमागचा चेहरा अनोळखी होता, बाहेरगावचा, घाईतला. बाजूला होऊन उभं राहावं असा विचार बाईंच्या मनात आला नाही असं नाही. त्या नंतर स्वतःच सांगत, “आला होता. पण पाय हलले नाहीत. शौर्य कसलं, पाय हललेच नाहीत.”

ब्रेक करकरले. ट्रक त्यांच्यापासून दोन हातांवर थांबला, आणि आतला भार पुढे येऊन परत मागे गेला. त्या हिसक्यासरशी पुलाच्या बुडाशी काहीतरी सुटलं. धप्प असा जड आवाज झाला आणि पाण्याचा फवारा कठड्याच्या वर आला.

चालकाने दार उघडून शिवी देण्यासाठी तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

“खाली उतरू नका,” बाई म्हणाल्या. आवाज कुठून आला देव जाणे. “हळू मागे घ्या. अगदी हळू. मी सांगते.”

मग त्या एक पाऊल पुढे टाकत आणि ट्रक एक पाऊल मागे जाई. चालकाचे डोळे आरशावर, बाईंचे त्याच्या चाकांवर. “थोडं डावीकडे. बस. या. या.” एकेका हाताची वाट गावभर लांब वाटत होती. मागची चाकं मातीवर उतरली, मग पुढची. चालकाने इंजिन बंद केलं, उतरला आणि तिथेच चाकाला टेकून बसला. त्याने खिशातून घडी केलेला पिवळा कागद काढला. “दुकानात मागून घेतला होता,” तो म्हणाला. “म्हटलं, नवीन मुलूख, नियम माहीत असावेत.”



मुकादम आला, पाटी लागली, पुलाच्या दोन्ही तोंडांशी ओंडके आडवे पडले. दोन दिवसांनी अभियंता येऊन खांब पाहून गेला. बाईंनी त्याला गाठून विचारलं, “तो ट्रक गेला असता तर पडला असता का पूल?” तो म्हणाला, “सांगता येत नाही. कदाचित असे दहा गेले असते. कदाचित हा एकही गेला नसता.” याहून पक्कं उत्तर त्यांना कधीच मिळालं नाही.

साहेबांनी त्यांना खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं. साहेब मनाने वाईट नव्हते, फक्त जपून असत. “दुरुस्तीचं पत्रक काढा. लिहा, छपाईत चूक झाली. छापखानेवाला काही बोलायचा नाही, त्याला वर्षभर आपलंच काम असतं. तुमचीही अब्रू राहील.”

“साहेब, त्याने मी दिलेलं तेच छापलं.”

“अहो, झाकली मूठ असते.”

“ती मूठ उघडली पुलावर. तीन जणांनी पाहिलीय.”

नव्या पत्रकात एकच मजकूर होता. पुलावर आठ टनांपेक्षा जास्त भार नेऊ नये. मागील पत्रकात वीस लिहिले गेले, ती चूक माझी आहे. खाली सही. साहेबांनी ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं आणि मूग गिळून छपाईला जाऊ दिलं.

शनिवारी दुपारी गावच्या सभागृहात लोक जमले. काहींनी बाईंना सांभाळून घेतलं, माणूस आहे, चुकणारच. पण मागच्या रांगेतून एक मेंढपाळ उठला. चढ्या आवाजात बोलला नाही, तेच अवघड गेलं.

“बाई, ही चूक गुरुजींनी धरली म्हणून कळली. सव्वीस वर्षांत न धरलेल्या किती असतील?”

बाई उभ्या राहिल्या. “माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “बघते आणि सांगते.”

घरी दीर जेवायला आला तेव्हा वैतागला. “कशाला हात दाखवून अवलक्षण, वहिनी? झालं गेलं, मिटलं.” नवऱ्याने मात्र माळ्यावरच्या पेट्या खाली काढून दिल्या. जुनी पत्रकं त्यांत होती, आणि मुकादमांच्या, डॉक्टरांच्या, तपासनिसांच्या चिठ्ठ्या कचेरीच्या कपाटात. पुढचे दोन महिने रोज दुपारच्या सुट्टीत बाई ओळ आणि चिठ्ठी, चिठ्ठी आणि ओळ ताडून पाहत बसल्या. चार चुका सापडल्या. दोन किरकोळ, तारखांच्या. एकीत जाळण्याचा दिवस एक दिवस अलीकडे पडला होता, पण त्या आठवड्यात वारा नव्हता. चौथीने त्यांची झोप उडवली. अकरा वर्षांपूर्वी पाण्याच्या तपासणीत टेकडीवरच्या घराची विहीर ‘पिऊ नये’ अशी निघाली होती, आणि पत्रकात तिच्यासमोर ‘योग्य’ छापलं होतं.

त्या घरात तेव्हा तान्ही जुळी होती, हे बाईंना आठवत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या टेकडी चढल्या. दारात त्या घरची सून धान्य निवडत होती. बाईंनी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, उभ्या उभ्या, कागद पुढे धरून.

सुनेने कागद घेतला, वर्ष पाहिलं आणि आत ओरडली, “सासूबाई, कुठल्या वर्षी हो आपली विहीर ढासळली?”

आतून उत्तर आलं. त्याच वर्षी, तपासणीच्या आठवडाभर आधी. बाटली आधीच भरून ठेवलेली, ती तेवढी कचेरीत पोचली. नवी विहीर होईपर्यंत पाणी वर्षभर खालच्या झऱ्यावरून आणलं.

“म्हणजे मुलं…?”

“मुलं?” सुनेने शेताकडे मान उडवली. दोन दांडगी पोरं एकमेकांना चिखलात लोळवत होती. “त्यांना काय झालंय? माझ्याच डोक्याला ताप आहेत.”

बाई मटकन पायरीवर बसल्या. सून घाबरून जवळ आली, “काय होतंय, मावशी?” आणि बाईंनी मानेनेच काही नाही म्हटलं. मग सुनेने दिलेलं ताट मांडीवर घेऊन त्या तिच्याबरोबर धान्य निवडू लागल्या.