बद्द वाजणारी टाकी

“पावणं, पोरगी बोलत न्हाय व्हय?”

दुकानदारानं पप्पांना हळूच विचारलं, म्हणजे कोल्हापुरात जेवढं हळू विचारतात तेवढं. मी फिल्टरच्या रॅकमागे उभी होते, मला स्पष्ट ऐकू आलं.

“बोलती की,” पप्पा म्हणाले. “इंग्लिशमधी बोलती. आपल्याला कुठलं कळाय?”

दोघं हसले. मी एका डब्यावरची माहिती वाचत राहिले. ती आधीच दोनदा वाचून झाली होती.

शाहूपुरीतलं माशांच्या टाक्यांचं हे तिसरं दुकान. मला नुसतं कुठेतरी बसावंसं वाटत होतं. सहा दिवस मी ऑफिसचे कॉल सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर मिठाचं पाणी कालवत होते आणि कपड्यांच्या टबातलं पाणी बदलत होते. त्या टबात माझा मँटिस श्रिंप होता, कोळंबीसारखा एक समुद्री प्राणी. बोटाएवढा, हिरवट, डोळे देठांवर बसवल्यासारखे. माझ्या समुद्री माशांच्या टाकीसाठी मी एक दगड मागवला होता, त्याच्या भोकातून तो न बोलावता आला. असा कोणी निघाला की लोक त्याला काढून टाकतात, कारण पुढे दुमडून ठेवलेले त्याचे दोन हात सोट्यासारखे असतात आणि त्यांनी तो शंख फोडून खातो. मी मासे एका ओळखीच्यांना दिले आणि त्याला ठेवलं. काम करताना पाठीमागून टक्, टक् आवाज यायचा. घरात न बोलता सोबत करणारं तेवढं एकच होतं.

सोमवारी त्यानं टाकीची काच तडकवली आणि हॉलभर पाणी झालं. पुसता पुसता आई म्हणाली, “परत असं झालं की त्याला रंकाळ्यात सोडून यायचं. तिथं बिचारा सुखानं राहील.” रंकाळ्याच्या गोड्या पाण्यात तो तासभरही जगला नसता. हे मी आईला सांगितलं नाही. एक गोष्ट सांगितली की सगळंच पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि माझं मराठी मध्येच अडकतं, मग समोरचा माणूस विषय सोडून माझ्या मराठीकडे बघायला लागतो.

टाकी घरी आणायला गाडी हवी, म्हणून पप्पा आले होते. पेठ वडगावचं पेंडीचं दुकान त्यांनी आज रविवारी, ऐन गिऱ्हाइकांच्या गर्दीत, अर्धा दिवस बंद ठेवलं होतं. बोलायचं कामही त्यांनीच घेतलं होतं.

पप्पा प्रत्येक टाकीला बोटाच्या पेरानं वाजवून बघत होते. गडहिंग्लजच्या बाजारात माठ घेताना त्यांची आई असं करायची. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कुठेतरी चीर. पहिल्या दोन दुकानांतल्या टाक्या त्यांनी अशाच नापास केल्या होत्या. इथली एक जाड काचेची टाकी मात्र खणकन वाजली आणि त्यांचा चेहरा उजळला.

“बारा एमएम हाय,” दुकानदार म्हणाला. “वर म्हस बसली तरी फुटायची न्हाय.”

“आमची म्हस आत बसणार हाय,” पप्पा म्हणाले.

मला हवी होती ती टाकी वरच्या फळीवर होती. ॲक्रिलिकची, धुळीनं भरलेली, आत जुन्या जाळ्या कोंबलेल्या. कोणीतरी बनवायला सांगून न्यायला आलंच नव्हतं. काच एकदा तडकली की तिथून पुढे फुटत जाते, ॲक्रिलिक तसं सहसा फुटत नाही. हे मी कितीतरी दिवस वाचत होते. सकाळपासून वाक्य मनात जुळवलंही होतं. पण नुसतं वर बोट दाखवलं.

दुकानदारानं ती खाली काढली. “प्लास्टिक हाय ताई. ओरखडं पडत्यात.”

पप्पांनी वाजवली. बद्द.

“बघ,” ते म्हणाले. “आता टबात हायच की. प्लास्टिकातनं काढून प्लास्टिकातच घालायचा व्हय?”

मी मान हलवली. ती हो होती की नाही, मलाही सांगता आलं नसतं. पप्पांनी काचेच्या टाकीकडे हात केला, “हीच बांधा,” आणि दुकानदार कडांना पुठ्ठे लावायला लागला. त्याला चिकटपट्टीचं टोक सापडत नव्हतं. पप्पा खूश होते. लेकीसाठी चांगली वस्तू पारखून घेतल्याची ती खुशी होती, आणि ती मोडायची ताकद माझ्यात नव्हती. त्या काचेवर मला टक्, टक् ऐकू यायला लागलं. मग हॉलभर पाणी, फडकं पिळणारी आई, आणि रंकाळ्याच्या पायऱ्यांवर टब घेऊन उभी असलेली मी.

दुकानदाराला टोक सापडलं. चिकटपट्टी कर्रकन ओढली गेली.

“पप्पा, थांबा,” मी म्हणाले. “माठ आपण बाहेरून एकदाच वाजवतो. हा आतून रोज वाजवणार आहे. मला ती बद्द वाजणारीच पाहिजे.”