शोभामावशीचं उणे एकशे बारा

शोभामावशी पट्टी लावून लाल पेनानं टीमच्या यादीतलं हर्षदचं नाव कापत होती. रविवार, सकाळचे अकरा, बरकतपुऱ्यातलं इराणी हॉटेल. आम्ही सहा जण टेबलाभोवती. माझा समोसा तोंडापर्यंत आला आणि तिथंच राहिला.

"मावशी, चुकून दुसरंच नाव कापताय तुम्ही," मी बोलले.

"चुकून नाही," ती बोलली आणि पेनाला टोपण लावलं.

आमची टीम दख्खन बाज. बास्केटबॉल. गेल्या सीझनला अठरा मॅच खेळलो, पंधरा हरलो. उन्हाळ्यात नवीन मालक आला आणि त्यानं आठ पोरं एका दिवसात काढून टाकली. सगळे बोलले रिबिल्ड चालू आहे. नवीन मालकानं एक चांगलं केलं, टीम ठरवायच्या मीटिंगला फॅन लोकांचा एक माणूस बसवतो बोलला. आमच्या ग्रुपनं मावशीचं नाव दिलं. दुसऱ्या कोणाचं देणार?

बारा जागा होत्या. अकरा जवळपास ठरलेल्या. शेवटच्या जागेसाठी दोघं. एक हर्षद, विद्यानगरचा, चौतीस वर्षांचा, नऊ सीझन आमचा कॅप्टन. दुसरा वरंगलचा साईतेजा, गेल्या सीझनलाच आलेला, एकवीस वर्षांचा, लंबा पोट्टा, उडतो भारी, पण पास कोणाला द्यायचा ते त्याला बॉल गेल्यावर कळतं. मावशी मीटिंगला जाणार म्हणजे हर्षद वाचला, असंच आम्ही धरून बसलो होतो. त्या रविवारी फक्त ती काय बोलणार ते ठरवायचं होतं.

आणि तिनं त्यालाच कापलं.

पहिल्यांदा अविनाश बोलला. तो पुण्याचा, आयटीवाला, तीन वर्षांपूर्वी इथं आला. "मी तर आधीच सांगत होतो. रिबिल्ड म्हणजे रिबिल्ड. म्हातारा गार्ड ठेवून काय मिळणार? दोन वर्षं हरा, पोरं तयार करा."

"तू चूप बैठ," मी बोलले. "तुला कायकू घाई? तू उद्या पुण्याला जाशील. हरणार आम्ही."

"कायकू नाही गं, कशाला."

"नक्को शिकवू मला. आमच्याकडे असंच बोलतात."

एकनाथराव हसले. ते वकील होते, आता रिटायर, पण आवाज कोर्टातलाच. "अविनाश, भाषेची केस नंतर. शोभाताई, कारण सांगा. नऊ वर्षांचा माणूस आहे."

मावशीनं पिशवीतून एक कागद काढला आणि वाचला. "गेला सीझन. हर्षद आत असताना टीम उणे एकशे बारा."

म्हणजे तो खेळत होता तेवढ्या वेळात समोरच्यांनी आमच्यापेक्षा एकशे बारा पॉइंट जास्त मारले.

मावशीचा आकडा काय चीज आहे ते माहीत नसेल तर हे कळणार नाही. शोभा देगलूरकर, वय त्रेसष्ट, उंची पाच फूट. स्वतः बॉल कधी खेळली नाही. छत्तीस वर्षं सरकारी ऑफिसात कारकून, आणि सुट्टीच्या दिवशी बास्केटबॉलच्या टूर्नामेंटला स्कोरर. रिटायर झाल्यावरही सवय गेली नाही. बाजच्या प्रत्येक मॅचला चौथ्या रांगेत मांडीवर पॅड घेऊन बसते आणि पूर्ण शीट भरते. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनानं, दुसरा आणि चौथा निळ्यानं. शीटच्या मागच्या बाजूला कोण आत असताना टीम किती वर, किती खाली. एकदा मैदानातला स्कोरबोर्ड बंद पडला तर स्कोररच्या टेबलवरचा माणूस वर येऊन तिला विचारून गेला, सात नंबरचे फाऊल किती झाले. तिनं न बघता सांगितलं, चार.

तिचा एक नियम आहे. शीटवर दोन सह्या पाहिजेत. भरणाऱ्याची एक, तपासणाऱ्याची एक. तपासणारी मी. मी नववीत शाळा सोडली तेव्हा घरात सगळे माझ्याशी असे बोलायचे जशी मी मेलेच. मावशी फक्त एवढंच बोलली, "शनिवारी मॅच आहे, येऊन बेरीज बघ." आता मी एकवीसची आहे, विद्यानगरला झेरॉक्सच्या दुकानात काम करते, आणि तिची प्रत्येक शीट मीच तपासते. एका मॅचची शीट. पूर्ण सीझनची बेरीज तिनं पहिल्यांदाच केली होती.

तिनं कागद पुढं केला. "तपासा आणि सही करा कोणीतरी."

"तुमचा आकडा आम्ही काय तपासणार?" एकनाथराव बोलले आणि न बघता सही मारली. मीसुद्धा हात पुढं केला नाही. मला बघायचाच नव्हता तो कागद.

मी उठले. "तुम्ही गद्दार आहात मावशी," असं सगळ्यांसमोर बोलले. हॉटेलचा मालकपण वळून बघायला लागला. तिनं चहा बशीत ओतला आणि प्याली.

गुरुवारी मीटिंग झाली. जुन्या मालकाबरोबर कम्प्युटरवाला माणूसही सगळे आकडे घेऊन गेला होता. पूर्ण सीझनचा हिशोब शहरात फक्त मावशीकडं. तिनं कागद ठेवला, दहा मिनिटांत झालं. हर्षद बाहेर, साईतेजा आत.

दोन दिवसांनी हर्षद दुकानासमोर स्कूटर लावून बसला. काही झेरॉक्स नव्हतं. नुसता बसला. मी पाणी दिलं.

"अन्ना, ऐकू नको कोणाचं," मी बोलले. "मावशीचं डोकं फिरलंय."

"मावशीची शीट खोटी नसते गं तन्वी," तो बोलला. "मीच... एवढा वाईट खेळलो? मला वाटायचं मी सांभाळतोय. एकशे बारा." आणि तो हसला. ते हसणं बघून मला मशीनवर लाथ मारावीशी वाटली.

मावशी प्रत्येक शीट माझ्याच दुकानात झेरॉक्स करते. एक सेट दुकानाच्या कपाटात असतो. त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, मी अठरा शीट काढल्या आणि मागची बाजू उघडून बेरीज करायला बसले. मला चूक पाहिजे होती. पाच-दहाची तरी चूक, म्हणजे मी जाऊन तिच्या तोंडावर मारेन.

अधिक नऊ आलं.

मी परत केलं. अधिक नऊ. कॅल्क्युलेटर बदलला, शेजारच्या दुकानातला आणला. अधिक नऊ. पंधरा मॅच हरलेल्या टीममध्ये एकच माणूस अधिक होता, आणि तो हर्षद. साईतेजा उणे सत्तर. दुकान उघडं टाकून मी बरकतपुऱ्याला गेले, तीन मजले पळत चढले.

मावशी जमिनीवर बसून आंबाडी निवडत होती.

"अधिक नऊ आहे," मी दारातूनच बोलले.

"माहीत आहे."

"मग उणे एकशे बारा कुठून आणलं तुम्ही?"

"मनातून."

मी खालीच बसले. चाळीस वर्षांत तिच्या शीटवर खाडाखोड कोणी बघितली नाही. मॅच संपल्यावर एक फाऊल कोणाच्या नावावर टाकायचा म्हणून तिनं एकदा अर्धा तास लोकांना उभं ठेवलेलं मला आठवतं. आणि ही बाई पालेभाजी निवडता निवडता मला सांगते, मनातून.

"का?"

तिनं देठ एकीकडे टाकले, पानं एकीकडे. "कॉपी तुझ्याकडं आहेत. अविनाशला दाखव, एकनाथरावांना दाखव, मालकाला नेऊन दे. मी खोटं बोलले असं मी पण सांगेन. फक्त का ते विचारू नको."

"हर्षदअन्ना काय समजतोय स्वतःला, माहीत आहे तुम्हाला? मातीमोल समजतोय."

तेव्हा तिचे हात थांबले. मग परत पानं तोडायला लागली.

"समजू दे," बोलली.

मी त्या कॉपी कोणाला दाखवल्या नाहीत. का दाखवल्या नाहीत असं आजपण कोणी विचारलं, तर मला नीट सांगता येत नाही. मी तिच्यावर एवढी चिडले होते की तिचं नाव काढलं तरी अंगात यायचं, पण तिला दुसऱ्या कोणी खोटारडी बोललेलं मला चाललं नसतं. कपाटाला कुलूप लावलं आणि तिच्याशी बोलणं बंद केलं.

सीझन सुरू झाला. साईतेजानं पहिल्याच मॅचला सहा वेळा बॉल घालवला. अविनाश बोलला, "प्रोसेसवर विश्वास ठेवा." मी बोलले, "प्रोसेसला घेऊन पुण्याला जा." पण पोट्टा शिकला. डिसेंबरपर्यंत त्याला पास दिसायला लागले. अठरापैकी सात जिंकलो. आमच्या ग्रुपमध्ये सगळे बोलले मावशी बरोबर होती, आकडा शेवटी आकडा असतो. मी कपाटाचं कुलूप उघडलं नाही.

मावशी चौथ्या रांगेत यायची, पण पॅड आणत नव्हती. लोकांनी विचारलं तर चष्मा बदलायचाय बोलायची. हात मांडीवर ठेवून पूर्ण मॅच नुसती बघायची. मी दोन रांगा मागं बसायचे आणि तिच्या रिकाम्या हातांकडं बघायचे. पूर्ण सीझनमध्ये एक शीट भरली नाही तिनं.

हर्षद आता विद्यानगरच्या कोर्टवर लहान पोरांना शिकवतो. सावकाश चालतो. मला वाटायचं मन मोडलंय म्हणून.

यंदा जूनमध्ये त्याची बायको वृषालीवहिनी दुकानात आली. हातात एक फाईल. हर्षदच्या जुन्या किटबॅगेत सापडली बोलली, नवीन डॉक्टरला दाखवायची आहे, सगळ्या पानांची कॉपी काढ. तिचा चेहरा उतरलेला होता. "मला बोलला होता बेंगलोरला कॅम्प आहे. आठ दिवस."

मी पानं एकेक करून मशीनवर ठेवत गेले. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन. तारीख त्या रविवारच्या तीन आठवडे आधीची. डॉक्टरनं खाली हातानं लिहिलं होतं, परत खेळला तर हा पाय वाकणार नाही, पेशंटला समजावलं, पेशंट खेळणारच म्हणतो, घरी आणि टीमला कळवू नये अशी त्याची विनंती.

शेवटचं पान ऑपरेशनच्या संमतीचं होतं. नातेवाईकाची सही, निळ्या पेनानं, शोभा देगलूरकर. पेशंटशी नातं या रकान्यात लिहिलं होतं, स्कोरर.