बिनबैलाची भाजी

आमच्या बोरिवलीच्या घराची गॅलरी लांबीला बरी होती, रुंदीला नव्हती. तिथे एक खुर्ची मावायची आणि त्या खुर्चीत सासूबाई बसायच्या. एका उन्हाळ्यात मी ती खुर्ची उचलून हॉलमध्ये ठेवली आणि तिच्या जागी एक निळं पिंप उभं केलं. शेजारच्या बाईंनी मला सरळच विचारलं, सासूशी भांडलीस का गं?

भांडण नव्हतं. उलट सगळा उद्योग सासूबाईंसाठीच होता.

सासरे गेल्यावर त्या मालवणकडचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आल्या. शहराशी त्यांनी चटकन जुळवून घेतलं. एकाच गोष्टीवर गाडी अडली, ती म्हणजे ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हा नेम त्यांनी लग्नापासून पाळला होता. गावाला त्याची अडचण नव्हती. परसात अळू, माठ, भेंडी सगळं त्यांनी स्वतःच्या हातानं लावलेलं असे. बोरिवलीत पहिल्या वर्षी त्या पिशवी घेऊन बाजारात गेल्या. भाजीवाला म्हणाला, ही बिनबैलाचीच आहे, मावशी. त्यांनी विचारलं, शेत कोणाचं, खणलं कोणी? तो हसला. त्या रिकाम्या पिशवीनं परत आल्या आणि दिवसभरात दोन केळी खाऊन राहिल्या. दुसऱ्या वर्षी त्या बाजारात गेल्याही नाहीत. पुन्हा केळी. तक्रार केली असती तर मी ऐकून घेतली असती आणि विसरले असते. गप्प बसलेलं माणूस मला कामाला लावतं.

मी आधी सोपा उपाय केला, कुंड्या आणल्या. सासूबाईंनी कुंडीत बोट घालून विचारलं की ही माती कुठची. नर्सरीची, मी म्हटलं. नर्सरीवाल्यानं कुठून आणली? नांगरलेल्या शेतातली नसेल कशावरून? कुंड्यांत तुळस आणि गवती चहा लावला आणि तो विषय मिटवला.

तेवढ्यात ऑफिसच्या वाचनालयातल्या एका मासिकात लहानसा लेख दिसला. परदेशात कोणी माती न वापरता खडीत भाजी लावतात. खाली टाकीत मासे, वर खडीचा वाफा. माशांचं पाणी वर चढवायचं, रोपं त्यातलं खत घेतात, आणि स्वच्छ झालेलं पाणी परत खाली माशांकडे. माती नाही, नांगर नाही, बैल नाही. याला पुढे अ‍ॅक्वापोनिक्स असं भारदस्त नाव मिळालं. आमच्याकडे त्याला ‘पिंप’ म्हणत.

कपाटाच्या दारावर मी माझ्या सवयीप्रमाणे यादी चिकटवली आणि एकेक काम खोडत गेले. भंगारवाल्याकडून दोन पिंपं घेतली आणि आतून घासघासून धुतली. एक माशांसाठी, दुसरं उभं कापून त्याचा अर्धा भाग लोखंडी स्टँडवर आडवा, तो खडीचा वाफा. खडी मागच्या बांधकामावरून, मुकादमाला विचारून. ती किती पाण्यांनी धुवावी लागते हे लेखात लिहिलेलं नव्हतं. मी धूत राहिले आणि आमच्या मोरीला सिमेंटचा रंग आला. पाणी वर चढवायला कूलरचा जुना पंप. बाकी राहिले मासे.

ते काम मी नवऱ्याकडे दिलं, आणि तिथेच चुकलं. आमचं घर कोकणातलं. आमच्याकडे मासा म्हणजे खाऱ्या पाण्यातला. तळ्यातल्या माशाला चिखलाची चव, असं म्हणून तोंड वाकडं करायची रीत. नवरा रविवारी होडीनं गोराईला गेला आणि खाडीतली बोटभर लांबीची बोयटं कळशीत घालून घेऊन आला. वाढली की खाता येतील, हा त्याचा हिशोब. मला तो इतका पटला की मीही काही विचारलं नाही. मासे मरगळल्यासारखे दिसले तेव्हा सासूबाईंनी पिंपात मूठभर जाडं मीठ टाकलं. माशांना तरतरी आली. नवऱ्यानं आणखी दोन मुठी टाकल्या. मासे पिंपात गरागरा फिरू लागले आणि आम्ही तिघंही खूश.

चार-पाच दिवसांत खडीत लावलेली माठाची रोपं कडेनं करपली. मग अळूनं मान टाकली. मी पंप तपासला, खडी पुन्हा धुतली, ऊन फार लागतं म्हणून जुनी साडी बांधली. शेवटी वाफ्यातलं पाणी बोटावर घेऊन चाखलं आणि स्टुलावर बसले. आम्ही भाजीला खाडीचं पाणी घालत होतो. तीन शहाणी माणसं, आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी बोयटं होडीनं माहेरी गेली.

मग आला चिलापी, तोच तो चिखलाच्या चवीचा, तळ्यातला मासा. ऑफिसातले एक गृहस्थ सुटीच्या दिवशी पवईच्या तळ्यावर गळ टाकून बसत. त्यांनी पाण्यानं भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत लहान लहान चिलापी आणून दिले. दिवसभर ती पिशवी माझ्या टेबलावर, फायलींच्या शेजारी. साहेबांनी येता-जाता दोनदा वाकून पाहिलं, विचारलं काही नाही. घरी नवरा म्हणाला, हे खाणार कोण? कोणीच नाही, मी म्हटलं, म्हणून तर टिकतील.

टिकले खरे, पण पाणी गढूळ झालं, वास येऊ लागला आणि नवीन रोपं पिवळी पडली. या वेळी घाई करायची नाही असं मी ठरवलं होतं. कारण पंधरवड्यानं कळलं. सासूबाई मला न सांगता माशांना सकाळ-संध्याकाळ भात घालत होत्या. घरी आलेल्याला उपाशी ठेवायचं नाही, एवढाच त्यांचा मुद्दा. आम्ही तह केला. भात बंद, जे घालायचं ते चिमटीनं, आणि ती चिमूट त्यांची. त्या दिवसापासून पिंपाचा ताबा त्यांच्याकडे गेला. पाणी हळूहळू निवळलं. श्रावणात माठ लालभडक झाला, अळवाची पानं ताटलीएवढी झाली, भेंडीला फूल आलं.

गणपतीच्या आदल्या दिवशी शेजारच्या बाई दूर्वा द्यायला आल्या. पिंप पाहून त्यांनी कौतुक केलं आणि निघता निघता म्हणाल्या, “पण ही भाजी माशांच्या घाणीवर वाढलेली ना? उपासाला कशी चालेल?”

माझ्या यादीत हा प्रश्न नव्हता. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या दूर्वा निवडत होत्या, त्यांचे हात थांबले. परवा पुन्हा दोन केळी, असं मला स्पष्ट दिसू लागलं. त्यात नवऱ्याला जोर आला.

“आणि आई, बैलाचे कष्ट चालत नाहीत, मग माशांचे कसे चालतात? बिचारे दिवसरात्र राबतायत तुझ्या भाजीसाठी.”

मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं, पण बोलून झालं होतं. सासूबाई उठल्या, गॅलरीत गेल्या आणि पिंपावर वाकल्या. मग तिथूनच म्हणाल्या, “राबतत खंय रे? खातत, हगतत आणि लोळतत. हेका कष्ट म्हणत असतीत तर ह्या घरात सगळ्यात जास्त तूच राबतस.”

शेजारच्या बाई तोंडाला पदर लावून हसू लागल्या. सासूबाई त्यांच्याकडे वळल्या. गावाला आम्ही परसात शेण घालायचो, त्याला कधी कोणी हरकत घेतली नाही, हे तर त्याहून पातळ, असं त्यांनी ऐकवलं. मग माझी पाळी.

“पाणी कोण चढयता गो?”

“पंप.”

“तेका बैल नाय मा?”

“नाही.”

“मगे झाला.”

ऋषिपंचमीला आंघोळ करून त्या एकट्याच गॅलरीत गेल्या. मी ओट्यापाशी उभी राहून ऐकत होते, अळवाचे देठ मोडल्याचा आवाज येत होता. भाजी त्यांनीच केली. सुरण नव्हता, मका नव्हता, भेंड्या जेमतेम दोघांपुरत्या. सगळं मिळून वाडगाभर झालं. आम्हा दोघांना चमचाभर दिलं आणि उरलेलं घेऊन त्या पाटावर बसल्या. सावकाश जेवल्या, मग पातेलं ओढून घेतलं आणि बोटानं निपटून खाल्लं.

हात धुऊन त्या गॅलरीत गेल्या, वर पाहिलं आणि म्हणाल्या, “पडवळ होयो होतो.”

पडवळाला मांडव लागतो. त्यांनी खुर्ची मागवली, माझा हात धरून तिच्यावर चढल्या आणि कपडे वाळत घालायच्या दोरीचं एक टोक सोडून पाहिलं, कुठवर पोचतं ते. पुढच्या पावसाळ्यात नवऱ्याचे शर्ट स्वयंपाकघरात वाळत होते.