नाव न घेता सांगा

संध्याकाळी सातची घंटा झाली की त्या शाळेच्या कोपऱ्यातल्या वर्गात मोठी माणसं लहान बाकांवर गुडघे दुमडून बसत. दिवसभर कुणी पाव भाजलेले असत, कुणी बस हाकलेली, कुणी आजाऱ्यांच्या चादरी बदललेल्या. राहून गेलेली शालान्त परीक्षा सगळ्यांनाच द्यायची होती आणि तिच्यातला एक प्रश्न सगळ्यांच्या मानेवर बसला होता : एखादी संकल्पना निबंधातून स्पष्ट करा. धैर्य म्हणजे काय? न्याय म्हणजे काय? धैर्य ही मंडळी रोज दाखवायची, पण लिहा म्हटलं की घाम फुटायचा.

त्यांच्या बाईंनी यावर एक तोड काढली होती. निबंध लिहायचा, पण ज्याच्यावर लिहायचा तो शब्द एकदाही वापरायचा नाही. मग उभं राहून, खणखणीत आवाजात वाचायचा. वर्गानं ओळखला तर पास.

वाद घालण्याच्या सवयीमुळे वर्गानं ज्याला 'वकील' ही पदवी बहाल केली होती, तो एका इमारतीचा रखवालदार. त्यानं एकदा छाती काढून सुरुवात केली, "जे सुखदुःखात साथ देतं, बदल्यात काही मागत नाही, ज्याच्यावाचून जीवन व्यर्थ..."

"आई!"

"कुत्रा!"

"चहा!" मागच्या बाकावरून बसवाला ओरडला.

वकील लालबुंद. "अरे, मैत्री! एवढं कळत नाही?"

"वकीलसाहेब," बाई म्हणाल्या, "ज्या व्याख्येत आईही उतरते, कुत्राही आणि चहाही, तिला धर्मशाळा म्हणतात. एकेक दार लावा. आईला बाहेर ठेवणारं वाक्य कुठलं?"

वकिलानं डोकं खाजवलं. "आई निवडता येत नाही."

"लागलं बघा एक दार!"

अशी दारं लावता लावता याआधीही कितीजण त्या वर्गातून पास होऊन गेले होते. आणि मग एका सकाळी बाईंच्या मेंदूतल्या बारीकशा शिरेत रक्ताची गुठळी अडकली. हातपाय वाचले, समज शाबूत राहिली, पण नावं गेली. डॉक्टर म्हणाले, काही परत येतील, काही येणार नाहीत. बाईंना सगळं दिसायचं, कळायचं. फक्त हाक मारायला गेलं की शब्द पाठमोरा व्हायचा.

त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. चिकाटीचा माणूस. एका दुपारी बाई अंथरुणावरून म्हणाल्या, "अहो, ते... डोक्याला लागतं ते."

त्यांनी छत्री आणली. बाईंनी मान हलवली. मग कानटोपी आणली.

"मऊ!" बाई चिडल्या. "खाली!"

तेव्हा कुठे उशी आली. "अगं, तूच म्हणतेस ना," ते उशी सारखी करत म्हणाले, "दारं उघडी ठेवली की धर्मशाळा होते!" बाई हसल्या आणि हसता हसता रडल्या. ज्या बाईनं जन्मभर नाव न घेता सांगायला शिकवलं, तिच्यावर ही पाळी यावी!

महिन्याभरानं मुख्याध्यापिका भेटायला आल्या. बराच वेळ पदराशी चाळा करून म्हणाल्या, "बाई, जिवावर येतंय सांगायला. पण परीक्षा तोंडावर आली. सोमवारपासून नवे मास्तर येतायत."

बाई ताठ बसल्या. वर्ग गेला तर मागे काय उरणार होतं? "मला... घंटेपासून घंटेपर्यंत. एकदा."

"एक तास?" मुख्याध्यापिकांनी हातातला पदर सोडला. "घ्या. मग ठरवू."

शुक्रवारी वर्ग गच्च भरला. मुख्याध्यापिका दारात उभ्या. बाई टेबलापाशी आल्या, फळ्याकडे वळल्या आणि हात हवेतच राहिला. भर प्रयोगात वाक्य विसरलेल्या नटीसारख्या त्या उभ्या राहिल्या.

"पांढरा," बाई म्हणाल्या. "लिहिता लिहिता झिजतो."

"खडू!" अख्खा वर्ग गरजला आणि बसवाला धावत खडू घेऊन आला. कुणाच्या चेहऱ्यावर कीव नव्हती. खेळ सुरू झाला म्हणून सगळे खूश होते.

बाईंनी खडू हातात घेतला. या लोकांनी आपल्याला आत्ता काय दिलं, ते बाईंना सांगायचं होतं. शब्द मात्र पाठमोराच.

"भिंत नसते," त्या सावकाश म्हणाल्या, "तरी माणूस पाठ टेकतो."

"आधार!" बसवाला.

"आधार दिसतो. काठी, हात. हे दिसत नाही."

"आशा?" पहिल्या बाकावरची परिचारिका.

"आशेत धाकधूक. यात... झोप लागते."

"मग श्रद्धा!" कुणीतरी म्हणालं.

"ती आधीच असते. हे पारखून येतं. हळूहळू."

टेबलाची कड घट्ट धरलेली बाईंची बोटं परिचारिकेला दिसली. बाई खेळत नव्हत्या. त्या शोधत होत्या. तिनं पेन खाली ठेवलं.

वकील उठला. "बाई, एक शंका. हे तुटलं तर सांधतं का?"

"सांधतं. भेग दिसते पण."

"मग भरवसा!"

विंगेतून वाक्य कानी पडावं तसा बाईंचा चेहरा उजळला. "भरवसा," त्यांनी म्हणून पाहिलं. पुन्हा म्हटलं. "भरवसा."

"बाई," वकिलाचा आवाज एकदम खाली आला, "तुम्हाला खरंच आठवत नव्हतं?"

"नाही."

"म्हणजे आम्ही शोधून दिला?"

"तुम्ही. एकेक दार लावून."

"मग आम्ही पास की हो, बाई!"

वर्ग खदखदून हसला. दारातल्या मुख्याध्यापिका डोळे पुसत आत आल्या. "नव्या मास्तरांना मी गणिताला लावते," त्या म्हणाल्या. "परीक्षेपर्यंत हा वर्ग तुमचाच. मला तरी अशी व्याख्या करायला कुणी शिकवलं होतं?"

बाईंनी आधी त्यांना आणि मग सगळ्या वर्गाला हात जोडले. ते कुणाला ओळखावं लागलं नाही.

घरी येऊन त्या दमून आडव्या झाल्या. "अहो," त्यांनी आवाज दिला, "डोक्याला लागतं. मऊ असतं. त्यावर झोपतात." सगळी दारं बंद.

यजमान आत गेले आणि गंभीर चेहऱ्यानं छत्री घेऊन आले.