तीन श्वासांचा पॉज

आमच्या घरात ही गोष्ट सुरू मी करतो आणि संपवते बायको. आज ती बाजारात गेलीय, तेवढ्यात लिहून काढावी म्हणतो. निमित्त मुलीचं. ती घरबसल्या कॉम्प्युटरवर चित्रं करून देते, कुणाची नोकरी करत नाही. परवा म्हणाली, "बाबा, एकजण आहेत, फी घेतात, पण कामं कशी मिळवायची, लोकांशी कसं बोलायचं ते शिकवतात. भरू का पैसे?" मी गॅलरीत फेऱ्या मारायला लागलो. तिला वाटलं, बाबा विचार करताहेत. मला मात्र कानात बँड ऐकू येत होता.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही तेव्हा संगमनेरला राहत होतो. मी कापडाच्या दुकानात गादीवर बसून लुगडी उलगडून दाखवायचो आणि गिऱ्हाईक उठून गेलं की परत घड्या घालायचो. आवाज मात्र देवानं असा दिला होता, की शेठ म्हणायचे, "हळू बोला, भाव समोरच्या दुकानात ऐकू जातो."

या आवाजानंच घात केला. आमच्याकडच्या लग्नात माईकवर एक माणूस लागतो. आलेल्या पाहुण्यांच्या चिठ्ठ्या त्याच्या हातात येत राहतात आणि तो पुकारत राहतो, अमक्या गावचे सरपंच आले, तमक्या सोसायटीचे माजी चेअरमन आले, यजमानांच्या वतीनं स्वागत. मग मुलीच्या मामांना बोलवा, टॉवेल-टोपीच्या मानकऱ्यांना बोलवा, हरवलेल्या पोराची आई शोधा. ओळखीच्या एका मंडपवाल्या दादांचा माणूस एकदा ऐन वेळी आला नाही, म्हणून मी उभा राहिलो. पुढं दर तारखेला दादांचा निरोप यायला लागला आणि एका तुळशीच्या लग्नानंतर मी दुकान सोडलं. मालक नाही, गादी नाही, घड्या नाहीत! शेठ भला माणूस. म्हणाले, "पाडव्यापर्यंत तुमची जागा कुणाला देत नाही. नंतर मात्र माझा इलाज नाही."

मोकळा धंदा म्हणजे काय ते मला पौषात कळलं. पौषात लग्नं नसतात. मी सकाळी उठून इस्त्रीचा शर्ट घालायचो आणि कुठंच जायचो नाही. दारात उभा राहायचो, आत यायचो, पाणी प्यायचो, परत दारात. बायको म्हणाली, "अहो, एक तर आत बसा, नाहीतर बाहेर बसा. उंबरा झिजवू नका."

त्यातच पुण्याहून एक सर यायला लागले. बसस्टँडजवळच्या लॉजच्या वरच्या हॉलमध्ये दर रविवारी भाषणकलेचा आणि सूत्रसंचालनाचा वर्ग. सूत्रसंचालन! आपण जे करतो त्याला इतकं भारदस्त नाव आहे, हेच मला ठाऊक नव्हतं. फी ऐकल्यावर मात्र मी जिना उतरून खाली आलो, अर्धा कप चहा प्यालो आणि परत वर गेलो.

घरी विषय काढला तेव्हा बायको स्टोव्हला पिन करत होती. गॅसचा नंबर लागायच्या बेतात होता आणि त्यासाठी तिनं शिवणकामातून पैसे बाजूला टाकले होते.

"बोलायला शिकायचे पैसे?" ती म्हणाली. "तुम्हाला गप्प बसायला शिकवणारा कुणी असला तर सांगा. उसने काढून देते."

"अगं, यानं कामं वाढतील. दादांपुरतं किती दिवस धरून बसायचं?"

तिनं पिन ठेवली आणि डब्यातून गॅसचे पैसे काढले. मग म्हणाली, "घ्या. पण पाडव्यापर्यंत तारखा वाढल्या नाहीत, तर मुकाट गादीवर जाऊन बसायचं. आणि त्यानंतर माझ्यासमोर माईकचं नाव काढायचं नाही."

शर्त ही अशी. गॅस तिचा, गादी माझी.

सरांनी पुष्कळ शिकवलं. श्वास पोटातून घ्यायचा, छातीतून नाही. चूक झाली तर घाबरायचं नाही, स्मित करायचं. आणि सगळ्यात मोठं हत्यार म्हणजे पॉज. "महत्त्वाच्या वाक्याआधी थांबा," सर म्हणायचे, "तीन श्वास. सभागृहाचा प्राण कंठाशी आला पाहिजे." मी घरी सराव करायचो. "आज जेवायला..." म्हणून थांबायचो. तिसऱ्या श्वासाला बायको म्हणायची, "पिठलं. आणा ताट."

माघात अकोले तालुक्यातल्या एका गावात मोठं लग्न ठरलं. मंडप दादांचा. ते मला म्हणाले, "पाव्हणं लई यायच्यात. हे नीट झालं तर वैशाखाच्या सगळ्या तारखा तुझ्या." मी रात्रभर पोटातून श्वास घेत पडलो होतो.

लग्न दुपारचं. मंडप इतका लांब, की मागच्या माणसाला नवरा-नवरी म्हणजे नुसते फेट्यांचे शेंडे. बँडवाले मंडपाबाहेर बाभळीच्या सावलीत. आता आमच्याकडची रीत सांगतो. मंगलाष्टकं चालू असतात तोवर माईक कधी मोकळा राहत नाही. भटजी थांबले की कुणाची तरी आत्या म्हणते, आत्या थांबली की मावशी. ज्या घडीला माईक गप्प होतो, त्या घडीला लग्न लागलं. बँडवाला डोळ्यांनी काही बघत नाही, तो कानावर चालतो. आणि बँड वाजला की मागची माणसं पंगतीकडं चालतात.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. इतकी लग्नं मीच तर पुकारली होती. पण त्या दिवशी मी सूत्रसंचालक होतो.

भटजींची दोन मंगलाष्टकं झाली. पुढचं मुलीची आत्या म्हणणार होती. मी माईक तोंडाशी धरला, म्हणालो, "आणि आता..." आणि थांबलो.

पहिला श्वास. मंडपात खरंच शांतता पसरली, सर म्हणाले होते तशी. दुसरा श्वास. माझ्या अंगावर काटा आला.

तिसऱ्या श्वासाला बँड वाजला.

त्यामागोमाग फटाक्यांची माळ. हजारभर हातांनी राखून ठेवलेल्या अक्षता एकदम उधळल्या. "लागलं, लागलं!" करत मागचा अर्धा मंडप उठला आणि पंगतीकडं निघाला. स्टेजवर अंतरपाट तसाच. नवरदेवानं पाटावरून खाली पाय टाकला, तर त्याच्या मामानं तो पाय धरून परत पाटावर ठेवला. आत्या तोंड उघडून उभी.

मला सरांचं एकच वाक्य आठवलं. मी स्मित केलं.

नेमकं ते मुलीच्या वडिलांनी पाहिलं. "आरं, ह्यो हसतोय!" ते ओरडले. "माझ्या पोरीचं लगीन राह्यलं अर्धं आन् ह्यो दात काढतोय!"

भटजी माझ्या बाहीला धरून म्हणाले, "मुहूर्त चाललाय, काहीतरी बोला हो!"

मग सूत्रसंचालन गेलं चुलीत. मी पोटात होता नव्हता तेवढा श्वास भरला आणि गादीवरच्या आवाजात ओरडलो, "ओ मंडळी, मागं फिरा! लगीन लागायचंय अजून! वाढप्यांनो, बादल्या खाली ठेवा, पानावर काय बी वाढू नका! बुंदी कुठं पळून जात न्हाई! बँडवाले मास्तर, तुमाला आईची आन हाय, थांबा!"

बँड थांबला. बादल्या खाली गेल्या आणि पंगत उठली. बुंदी वाढणाराच थांबला तर बसून करायचं काय? माणसं हसत, एकमेकांना ढकलत परत आली. पुढं बसलेली एक म्हातारी मला म्हणाली, "आरं बाबा, आता अक्षता कुटनं आणू? मघाशीच टाकल्या की समद्या!"

खरंच कुणाच्या हातात दाणा नव्हता. मी परत माईकवर, "आचारी, तांदळाचं पोतं घेऊन या!" भाताचा मुलूख, तांदळाला तोटा नव्हता. कुणीतरी वर कुंकू टाकलं, ओंजळी भरल्या आणि आत्यानं एकदाचं तोंड मिटून परत उघडलं. या खेपेला मी माईक शेवटच्या 'सावधान'पर्यंत क्षणभर मोकळा सोडला नाही. भटजी श्वास घेताना मी खोकत होतो.

परतताना टेम्पोत दादा माझ्या शेजारी बसले होते. घाट उतरल्यावर म्हणाले, "हे शिकायला पैसं भरलं व्हय?" मी वैशाखाचं विचारलं. "बघू," म्हणाले.

घरी सांगितलं तेव्हा बायको चौकट धरून हसली, मग खाली बसून हसली. डोळे पुसून म्हणाली, "बँड वाजत असताना तुमचा आवाज पंगतीपर्यंत पोचला कसा?"

"पोटातून काढला."

"मग तेवढं ठेवा. आणि ते तीन श्वास, त्यातला एकच ठेवा. तोही घरात."

त्यानंतर 'बघू' या एका शब्दावर मी दिवस काढले. दादांच्या गोदामावरून उगाच चक्कर मारायचो. सायकलची घंटा वाजली की दारात. गॅसचा नंबर लागला आणि पैसे नाहीत म्हणून पुढच्याला गेला. बायको स्टोव्हला पंप जरा जोरात मारायची, असं मला वाटायचं. सरांच्या वर्गालाही एकदा गेलो आणि सगळं खरं सांगितलं. ते गंभीरपणे ऐकत होते. पुढच्या रविवारी जिन्यातच ऐकू आलं, नव्या मुलांना सांगत होते, "माझ्या एका विद्यार्थ्यानं जेवायला बसलेली पंगत नुसत्या आवाजावर उठवून आणली!" पंगत आधी बसली कशामुळं, ते काही त्यांनी सांगितलं नाही. मी जिन्यातूनच परत फिरलो.

पाडव्याच्या आदल्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घातला आणि शेठच्या दुकानात गेलो. शर्त ती शर्त. दुकानात बस्त्याची गर्दी होती. शेठनी नुसती मान हलवली, मी चप्पल काढून गादीवर बसलो. समोर अकोल्याकडचं कुटुंब होतं. मी हातातलं लुगडं उलगडत म्हणालो, "काठ बघा मावशी, काठ!"

त्यांच्यातल्या एका फेटेवाल्या गृहस्थांनी मान वर केली. "आवाज वळखीचा हाय. पंगत उठवली ते तुमीच का?"

मला लुगड्यात तोंड लपवावंसं वाटलं. "व्हय," मी म्हणालो.

"आवं, त्या लग्नात लई मजा आली! आमच्या पोरीचं वैशाखात हाय. येता का? दादाला इचारलं, तर म्हनं तो मानूस आता काम करतो का न्हाई म्हाईत न्हाई." मग जरा पुढं वाकून म्हणाले, "फकस्त मधी थांबू नका."

मी शेठकडं पाहिलं. शेठनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "लुगडं घडी करून ठेवा," ते म्हणाले, "आणि उठा. माझं गिऱ्हाईक बस्ता सोडून तुमच्याशीच बोलत बसलंय."

ती माझी शेवटची घडी. वैशाखात एक तारीख मिळाली, तिच्यातून दोन निघाल्या. गॅस यायला पुढची दिवाळी उजाडली. कामं पोटातल्या श्वासानं मिळाली, की तिसऱ्या श्वासाला झालेल्या फजितीनं, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. दोन्ही सरांच्याच फीमध्ये आले होते.

परवा हे सगळं सांगितल्यावर मुलगी म्हणाली, "म्हणजे भरू की नको?"

मी तोंड उघडलं आणि सवयीनं थांबलो. एक श्वास झाला, दुसरा झाला.

"भर," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "पण आधी त्यांना विचार, तुमच्या शिकवण्यानं कुणाचं लगीन राह्यलंय का. खरं सांगणारा असला, तरच भर."