मनूची सरावाची पेशंट

मनू गेल्याचा फोन आला तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. मनू म्हणजे मनीषा, माझ्या यजमानांची धाकटी बहीण, माझी नणंद. हे ओसरीवर फोनवर बोलत होते. फोन कानाला तसाच धरून आत येऊन माझ्यासमोर उभे राहिले. मी विचारलं, "काय झालं?" त्यांनी फोन माझ्या हातात दिला. पलीकडे जावईबापू होते, इंग्लंडहून. मनू ड्युटीवर निघाली होती, बूट घालायला खाली बसली आणि तिथंच आडवी झाली... मेंदूत रक्तस्राव झाला म्हणाले. ज्या दवाखान्यात ती डॉक्टर होती तिथंच तिला नेलं, पण उपयोग झाला नाही. पुढचं सगळं तिकडंच झालं. आम्ही इकडं गावी, उंद्रीच्या घरात बसून ते फोनवर पाहिलं. या गोष्टीला आता काही आठवडे झाले.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मनू दुसरीत होती. तिची वेणी घालायचं काम सासूबाईंनी पहिल्याच दिवशी माझ्याकडे दिलं. ती वेणी घालतानाही स्थिर बसत नसे. एका हातात भाकरी, एका हातात पुस्तक, आणि तोंड चालू. माझी शाळा चौथीला सुटली होती, कारण आमच्या गावात पुढची शाळाच नव्हती. मनू पाचवीत गेली तेव्हा चुलीजवळ बसून मला धडे वाचून दाखवायची आणि मास्तरासारखं विचारायची, "समजलं का वहिनी?" मी हो म्हणायची. कधी समजलेलं असायचं, कधी नसायचं. चालणं, जेवणं, बोलणं, तिचं सगळंच भरभर. पुढे चिखलीला एसटीनं जाऊन येऊन ती बीएस्सी झाली, एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली, आणि लग्न झाल्यावर जावईबापूंच्या नोकरीमुळे इंग्लंडला गेली. तिथं एका प्रयोगशाळेत रक्त तपासायचं काम करायची. मूलबाळ झालं नव्हतं. त्यावरून गावात लोक बोलत, पण तिच्यासमोर बोलायची कुणाची हिंमत नव्हती.

तिशी उलटून गेल्यावर तिनं एक दिवस फोनवर सांगितलं, मी डॉक्टरकीला नंबर लावला.

"आता?" हे म्हणाले. "तू डॉक्टर होशीन तोवर पेशंट म्हातारे होतीन ना वं."

"चारच वर्षं, दादा. आधी एक डिग्री झालेल्यांसाठी इकडं वेगळा रस्ता हाय. बाकीच्यांले जास्ती वर्षं लागते, आमच्या डोक्यात तेच भराभर कोंबते."

"मग तुह्यासाठीच काढला असंन."

मला वाटलं होतं की कमी वर्षं म्हणजे सोपं असेल. तसं नव्हतं. सुटी जवळजवळ नाहीच, आणि वर्गात सगळे आधी काहीतरी दुसरंच करून आलेले. एक बाई वकील होती, एक माणूस शाळेत वाद्यं वाजवायला शिकवायचा. "सारे वाट चुकून आलेलो आहोत वहिनी," मनू हसून म्हणायची. ती बारीक झाली होती. फोनवर बोलतानाही पुढ्यात पुस्तक उघडं असायचं. पण पहिली दोन वर्षं ती चांगल्या मार्कांनी पास होत गेली.

तिसऱ्या वर्षी ती नापास झाली. फोनवर रडली. लहानपणानंतर मी तिला रडताना प्रथमच ऐकलं. त्या परीक्षेत लिहायचं नसतं. ओळीनं खोल्या असतात, घंटा वाजली की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं. प्रत्येक खोलीत एक खोटा पेशंट बसवलेला असतो. त्याला पैसे देऊन आणलेलं असतं आणि काय दुखतं हे त्याला शिकवलेलं असतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हे म्हणाले होते, "दुखण्याचं सोंग करायचे पैसे भेटते? मग आपल्या गावात तर सारेच मालदार झाले असते." या वेळी झालं होतं असं की एका खोलीत एक म्हातारी पेशंट होती आणि शेजारी तिचा नवरा बसला होता. मनूनं सगळे प्रश्न नवऱ्याला विचारले. यांना कधीपासून दुखतं, यांना झोप लागते का, या जेवतात का... म्हातारीनं एकदा स्वतःच उत्तर दिलं, मनूनं ते ऐकलं आणि पुढचा प्रश्न परत नवऱ्यालाच विचारला.

"वहिनी, मी त्या बाईकडे पाह्यलंच नाही," ती म्हणाली. "मले समजलंच नाही की मी असं करून राह्यली. बाहेर आल्यावर मास्तरणीनं सांगतलं."

मला मात्र लगेच समजलं. मनूनं लहानपणापासून तेच पाहिलं होतं. आम्हा दोघींना घेऊन सासूबाई दवाखान्यात जायच्या. मी डोक्यावर पदर घेऊन स्टुलावर बसायची आणि सासूबाई सांगायच्या, "इचं पोट दुखते, भूक लागत नाही." डॉक्टर त्यांनाच विचारायचे, "उलटी होते का?" माझ्या पोटात काय होतं ते सासूबाईंना कसं ठाऊक, असं कुणाला वाटत नसे, मलाही नाही. सासूबाई गेल्यावर ते काम यांच्याकडे आलं. कुठल्याही डॉक्टरला मी माझ्या तोंडानं माझं दुखणं कधी सांगितलं नव्हतं.

मनूला परीक्षेला परत एकदाच बसायला मिळणार होतं. त्या भराभर चालणाऱ्या शिक्षणात वर्ष पुन्हा करायची सोय नव्हती. पुन्हा चुकली असती तर झालेली तीन वर्षं वाया जाऊन घरी बसावं लागलं असतं. ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही माह्या पेशंट व्हा. दादा, तू बाजूले बस, नवरा म्हणून."

"तो तर मी हावोच," हे म्हणाले.

रविवारी दुपारी, तिकडं सकाळ असताना, आम्ही तेलाच्या डब्याला फोन टेकवून बसायचो. मला गुडघेदुखीची बाई व्हायचं होतं. मनू एकदम वेगळ्या आवाजात म्हणाली, "नमस्कार. मी मनीषा, डॉक्टरकीची विद्यार्थिनी. तुमचं नाव काय?"

"काय वं, वहिनीचं नाव भुलली का तू?"

"दादा! परीक्षा चालू हाय." मग परत माझ्याकडे, "काय त्रास होतो तुम्हाला?"

मी पदर सावरला. तेवढ्यात हे म्हणाले, "तिचे गुडघे दुखते. उठता-बसता लई होते."

"थोडं थांबाल का तुम्ही? मला आधी यांच्याकडून ऐकायचं आहे."

हे माझ्याकडे वळून म्हणाले, "पाह्य, सख्ख्या भावाले तुम्ही म्हणून राह्यली."

पहिल्या रविवारी मी हो आणि नाही याच्या पलीकडे गेले नाही. मनू म्हणाली, "अशी पेशंट भेटली तर मी नापासच." मग मी थोडं थोडं बोलायला लागले. मला एक गंमत वाटायची. ती बाई मी नव्हतेच, त्यामुळे तिचं दुखणं मोठ्यानं सांगायला लाज वाटत नव्हती. मी तिच्यासाठी काहीबाही जोडायला लागले. पायऱ्या उतरताना दुखतं, थंडीत जास्त दुखतं, सुनेला सांगितलं तर ती खोटं समजते... सून अजून घरात आलीच नव्हती. मनू हसू दाबायची. यांची सवय मात्र जाता जात नव्हती. मनू थांबा म्हणायची, हे थांबायचे, आणि परत बोलायचे.

एका रविवारी हे चिखलीला गेले होते. मी एकटीच बसले. गुडघ्यांचं सगळं सांगून झालं. मनूनं विचारलं, "आणखी काही सांगायचं राहिलं आहे का?" आणि ती थांबली. थांबणं तिला कधी जमलं नव्हतं, त्यासाठीही तिचे मार्क गेले होते. पण त्या दिवशी ती फोनमधून नुसती माझ्याकडे बघत राहिली. बाहेर कुणाचं तरी मळणीयंत्र चालू होतं. मी म्हणाले, अंग बाहेर येतं, पिशवी खाली उतरते. धाकटी मुलगी झाली तेव्हापासून येतं. डोक्यावर ओझं घेतलं की जास्त. खाली बसता येत नाही, लांब कुठं जाता येत नाही, लग्नाकार्यात बसवत नाही...

मनूचा आवाज बदलला नाही. तिनं एवढंच विचारलं, "वहिनी, हे त्या बाईचं हाय की तुमचं?"

"माझं."

मला वाटलं ती ओरडेल, रडेल, इतकी वर्षं का नाही सांगितलं म्हणेल. तिनं तसलं काही केलं नाही. तिनं पुढचा प्रश्न विचारला, मग त्याच्या पुढचा, आणि मी उत्तरं देत गेले. शेवटी मी म्हणाले, "तुह्या दादाले तू सांगजो."

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही सांगा. मी बाजूले बसते."

हे परत आले तेव्हा ती खरंच फोनवर बसून होती. मी सांगितलं. ती एक शब्द बोलली नाही. हे म्हणाले, "इतके वर्षं?" त्यानंतर कुठल्याच रविवारी ते मध्ये बोलले नाहीत. मनूनं बुलढाण्याच्या एका डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलून घेतलं, पण माझी हकीकत त्यांना सांगितली नाही, ती मलाच सांगायला लावली. ऑपरेशन झालं. मी बरी झाले.

मनूही पास झाली. फोनवर ओरडतच सांगितलं, "वहिनी, या वेळची बाई अशी होती की तिनं नवऱ्याले बोलूच देलं नाही! मले काही करायचं कामच पडलं नाही." पुढच्या वर्षी ती डॉक्टर झाली. डॉक्टर होऊन एकदाच उंद्रीला आली. ओसरीवर बसली की शेजारपाजारच्या बाया यायच्या, कुणाबरोबर सासू, कुणाबरोबर नवरा. मनू आधी सोबतच्या माणसाला चहा द्यायची आणि मग खुर्ची फिरवून बाईसमोर बसायची. भरभर बोलणारी ती पोर त्या वेळी इतकी सावकाश व्हायची की मी चौकटीत उभी राहून बघत राहायची.

ती गेल्यावर भेटायला खूप माणसं आली. सगळे यांच्याजवळ बसायचे. सख्खा भाऊ, ते बरोबरच आहे. मी आत चहा करायची. एक दिवस जानेफळहून यांचे मामा आले. म्हातारं माणूस, एका कानानं ऐकू कमी येतं. मी कप ठेवून आत वळले तेव्हा त्यांनी यांना विचारलं, "सूनबाईले लई लागलं असंन. वेणीफणी तिनंच केली पोरीची. जेवते का नाही ती?"

हे सवयीनं म्हणाले, "हाव, जेव..." आणि थांबले. त्यांचे डोळे भरून आले होते. मग म्हणाले, "तिलेच विचारा, मामा."

मामा इतक्या वर्षांत माझ्याशी कधी सरळ बोलले नव्हते. त्यांनी काठी खाली ठेवली, अंग वळवलं आणि चांगला कान माझ्याकडे केला. "सांग बाई," म्हणाले.

मी उंबऱ्याजवळ बसले. म्हटलं, जेवते मामा, पण चव लागत नाही. म्हटलं, पोटची नव्हती तरी... आणि मग थांबता येईना. ती एका हातानं भाकरी खायची ते सांगितलं, बूट घालायला बसली होती ते सांगितलं. काय सांगितलं आणि काय नाही, सगळं आठवत नाही. मी बोलत होते तोवर मामांनी एकदाही यांच्याकडे पाहिलं नाही.