पाऊण भरलेली बॅटरी

सौसरला पांढुर्णा रोडवर माझं बॅटरी चार्जिंगचं दुकान आहे. दिवसातून दहा वेळा मी तीच गोष्ट समजावतो आणि आता खरंच थकलो आहे. माणूस बॅटरी ठेवतो, चहा पिऊन येतो आणि विचारतो, "झाली का?" मीटरवर चौदा पॉइंट चार व्होल्ट दिसले की त्याला वाटतं भरली. नाही भरली, बाप्पा.

बॅटरी तीन टप्प्यांत भरते. पहिल्यात भरपूर करंट द्यायचा. व्होल्टेज चौदा पॉइंट चारपर्यंत चढतं आणि पाऊण काम झटपट उरकतं. दुसऱ्यात व्होल्टेज तिथेच धरून ठेवायचं, मग बॅटरीच करंट कमी कमी घेत जाते. यात तास जातात आणि बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. भुकेल्या माणसाला पहिल्या दोन भाकरी भराभर वाढता येतात, शेवटची अर्धी त्याच्या कलानेच. तिसऱ्या टप्प्यात व्होल्टेज जरा उतरवून भरलेली बॅटरी नुसती राखायची. दुसरा टप्पा सारखा चुकवला तर आतल्या प्लेटांवर पांढरा थर धरतो, तो घट्ट होत जातो आणि बॅटरी कामातून जाते. लोकांना धीर म्हणून नाही, असं मी घरी जेवतानाही बडबडायचो.

घरी बाबा आहेत. निवृत्त शिक्षक, फुप्फुसं थकलेली, दिवसाचा बराच वेळ ऑक्सिजनच्या मशीनवर. लाइन गेली की मशीन इन्व्हर्टरवर चालतं. त्या इन्व्हर्टरचं चार्जिंगचं सर्किट उन्हाळ्याच्या तोंडी जळलं. म्हणजे बॅटरी वापरता येत होती, घरी भरता येत नव्हती. दुरुस्ती दोन तासांची, आणि दुरुस्त करणारा मीच. पण दुकानातून आल्यावर पुन्हा स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायचं जिवावर यायचं. म्हणून दोन-तीन दिवसांनी बॅटरी स्कूटरवर ठेवून दुकानात न्यायची, चार्ज करून संध्याकाळी आणायची, असं सुरू केलं.

दुकानात चार्जरवर जागा मोजक्या. गिऱ्हाईक आलं की मी आधी घरची बॅटरी काढायचो. चौदा पॉइंट चार दिसतात ना, मग बस झालं. घरचीच तर आहे. दोन महिने हेच केलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एका दुपारी बायकोचा फोन आला. "लाइन गेली, मशीनही बंद पडली. बाबाले लय दम लागून राहिला. लवकर या."

दोन तास चालायला हवी होती ती बॅटरी पंधरा मिनिटांत बसली होती. दुकानात त्या वेळी पूर्ण भरलेली एकच होती, रामाकोना गावच्या एका साउंडवाल्याची. संध्याकाळी देतो म्हणून मी त्याला शब्द दिला होता. तीच स्कूटरवर घातली आणि सुटलो.

बाबा खाटेच्या कडेला गुडघ्यांवर हात टेकून बसले होते. तोंड उघडं, ओठ काळसर. बायकोने त्यांना मागून धरलं होतं. घाईत टर्मिनलचा नट दोनदा खाली पडला. शेवटी मशीन घरघरलं. बाबांच्या ओठांवर रंग येईपर्यंत बायकोने त्यांना सोडलं नाही.

बोलता यायला लागल्यावर त्यांनी ती दुसरी बॅटरी पाहिली. "कोनाची उचलून आनली रे?" मी सांगितलं. "मंग नेऊन दे त्याची त्याले. तो वाट पाहून राहिला असन. मी बसतो लाइन येईपर्यंत."

आपण मागे राहायचं, हे त्यांनी अगदी सहज म्हटलं. या दोन महिन्यांत मीच त्यांना ती सवय लावली होती.

बॅटरी काढली नाही. साउंडवाल्याला फोन लावला, बाबांचं सांगितलं आणि आज देता येणार नाही म्हणून माफी मागितली. तो चिडेल, ओरडेल, हे गृहीतच होतं.

"राहू द्या ना भाऊ, चार दिवसांनी हाय माहं लगनाचं काम," तो म्हणाला. "मले कधी घाई होती? तुमीच त दर वेळी म्हनता, संध्याकाळीच घेऊन जा."

फोन ठेवला. लाजेने बाबांकडे बघवेना. त्यांनी नाकातली नळी सारखी करत विचारलं, "चिडला का रे तो?"

"नाही," मी म्हणालो.